गट पाडायचे की सगळ्यांना सगळं द्यायचं? प्रयोगांच्या आराखड्याबद्दल वाचकांचे प्रश्न

मानसशास्त्रातले प्रयोग कसे मांडतात यावर काही अडत असेल तर विचारा, असं मागच्या अंकात लिहिलं होतं. मला वाटलं चार-दोन प्रश्न येतील, आले भरपूर, आणि निम्मे तर 'उद्या सबमिशन आहे' या सुरातले. त्यातले पाच घेतेय. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत, कारण प्रश्नही सारख्या वजनाचे नव्हते.

प्रश्न: मॅडम, मी एमए सायकॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. डेझर्टेशनचा विषय आहे गाणी ऐकत पाठांतर केलं तर लक्षात कमी राहतं का. गाईड म्हणतात बिट्वीन-सब्जेक्ट्स कर, म्हणजे एका गटाला गाणी, दुसऱ्याला शांतता; मैत्रीण म्हणते विदिन-सब्जेक्ट्स कर, म्हणजे सगळ्यांना दोन्ही, कमी माणसांत भागतं. माझ्याकडे ३० जण तयार आहेत. दोन्हीचे फायदे-तोटे वाचले पण ठरवायचं कसं तेच कळत नाही.

अगं, तो फायदे-तोट्यांचा तक्ता आम्ही सगळ्यांनीच पाठ केलाय आणि पेपर झाल्यावर विसरलोय. तो बाजूला ठेव आणि एकच गोष्ट बघ: माणूस पहिल्या कंडिशनमधून उठून दुसऱ्या कंडिशनमध्ये बसतो तेव्हा डोक्यात काय घेऊन जातो? काहीच नाही किंवा थोडासा कंटाळा, एवढंच असेल तर विदिन कर, सगळ्यांना दोन्ही दे. पण तो असं काही घेऊन जात असेल की जे परत काढून घेता येत नाही, तर विदिनचं नावसुद्धा काढू नकोस.

काढून घेता येत नाही म्हणजे काय, तर लॉफ्टस आणि पामर यांचा १९७४ चा प्रयोग घे. ४५ विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघाताच्या फिल्म दाखवल्या आणि विचारलं की गाड्यांचा वेग किती होता. फक्त प्रश्नातलं क्रियापद बदललं, कोणाला 'आदळून चक्काचूर झाल्या तेव्हा' असं विचारलं, कोणाला 'एकमेकींना लागल्या तेव्हा', अशी एकूण पाच क्रियापदं, म्हणजे प्रत्येक गटात नऊ जण. सगळ्यात जोरकस क्रियापदाला सरासरी उत्तर ताशी ४० मैलांच्या आसपास आलं, सगळ्यात सौम्य क्रियापदाला ३२ च्या आसपास. आता हेच विदिनमध्ये करायचं म्हटलं तर? एकाच माणसाला आधी 'चक्काचूर' म्हणून विचारलं आणि दहा मिनिटांनी त्याच फिल्मबद्दल 'लागल्या' म्हणून विचारलं, तर तो तुझ्याकडे बघून हसेल. एक तर त्याला तुझा डाव कळला, आणि दुसरं म्हणजे पहिल्या प्रश्नाने त्याची आठवण आधीच बदलून टाकली. इथे गटच पाडायला लागतात, इलाज नाही.

याच्या अगदी उलट टोक म्हणजे स्ट्रूपचं १९३५ चं काम, 'लाल' हा शब्द हिरव्या शाईत छापलेला आणि सांगायचा शाईचा रंग. त्यात वेगवेगळे गट करणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. मुळात काही माणसं भरभर बोलतात काही सावकाश, हा माणसामाणसांतला फरक इतका मोठा असतो की त्यात तुझा शोधायचा फरक बुडून जातो. विदिनमध्ये प्रत्येक माणसाची तुलना त्याच्याच दुसऱ्या आकड्याशी होते म्हणून तो गोंगाट वजा होतो.

आता तुझे ३० जण. समजा गाण्यांचा परिणाम खरोखर आहे आणि मध्यम आहे, म्हणजे अर्ध्या स्टँडर्ड डेव्हिएशनइतका (माणसांचे स्कोअर सरासरीपासून साधारण जितके दूर असतात त्याच्या निम्मा). १५-१५ चे गट केलेस तर तो परिणाम तुझ्या डेटात सिग्निफिकंट, म्हणजे नुसत्या योगायोगाने सहसा येणार नाही असा, म्हणून सापडायची शक्यता साधारण चारात एक. चारात एक! म्हणजे वर्षभर राबून नाणं उडवण्यापेक्षाही वाईट. ८० टक्के शक्यता हवी तर प्रत्येक गटात ६४ जण लागतील. तेच सगळ्यांना दोन्ही कंडिशन दिल्या, आणि माणसाच्या दोन स्कोअरमधलं कोरिलेशन (एकात वर असलेला दुसऱ्यातही किती वर असतो ते) ०.५ च्या आसपास असलं, तर ३४ जणांत काम होतं आणि तुझ्या ३० मध्येही चारात तीन शक्यता येते. त्यामुळे या विषयापुरती तुझी मैत्रीण बरोबर आहे, पण तिने सांगितलेलं कारण अर्धंच आहे, कमी माणसांत भागतं ते गाण्यांचा परिणाम गाणं बंद केल्यावर बहुतेक ओसरतो म्हणून.

आता विदिन केलंस की तीन कामं वाढतात ती बघ. एक, शब्दांची तीच यादी दोनदा देता येणार नाही, दोन याद्या लागतील आणि त्या सारख्याच अवघड हव्यात, शब्दांची लांबी, ओळखीचे-अनोळखी, सगळं जुळवून. दोन, क्रम. अर्ध्यांना आधी गाणी, अर्ध्यांना आधी शांतता. आणि यादीही फिरवायची, नाहीतर पहिली यादी कायम गाण्यांसोबतच गेली तर फरक गाण्यांचा की यादीचा हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. दोन क्रम गुणिले दोन याद्या म्हणजे चार गट झाले, आणि ३० ला चारने भाग जात नाही, तेव्हा अजून दोघांना पकड, ३२ कर, प्रत्येक गटात आठ. कोण कुठल्या गटात हे आधीच रँडम लिहून ठेव, येतील तसे बसवू असं करू नकोस, सकाळी लवकर येणारे आणि दुपारी धापा टाकत येणारे ही वेगळी माणसं असतात.

तिसरं जरा बारीक आहे आणि पुस्तकात एका ओळीत उरकतात. काउंटरबॅलन्सिंग, म्हणजे असा क्रम फिरवणं, केलं की क्रमाचा परिणाम जातो असं म्हणतात, पण तो जातो दोन्ही दिशांनी सारखाच असेल तरच. समजा शांततेत आधी बसलेल्या मुलांना शब्दांची गोष्ट तयार करून लक्षात ठेवायची युक्ती सुचली, तर ती युक्ती घेऊन ती गाण्यांच्या फेरीत जातील आणि तिथेही झकास करतील. गाण्यांपासून सुरुवात करणाऱ्यांना ती युक्ती पहिल्या फेरीत सुचलीच नाही. मग क्रम फिरवूनही हिशोब जमत नाही. म्हणून निकाल आल्यावर फक्त पहिल्या फेरीचा डेटा वेगळा काढून बघ, तो आपोआप बिट्वीन-सब्जेक्ट्स असतो, त्यात ताकद कमी असेल पण फरकाची दिशा तीच दिसतेय का ते कळतं. गाईडनाही बरं वाटेल, त्यांचं डिझाइन तुझ्या डिझाइनच्या पोटातच सापडेल.

हे इतकं घोळून सांगतेय कारण माझ्या पहिल्या प्रयोगात मी सगळ्यांना सोयीचं म्हणून साधी कंडिशन आधी आणि 'सुधारित पद्धत' नंतर दिली होती. निकाल काय सुंदर आला होता! दोन आठवडे मी हवेत होते. मग एका सिनियरनी विचारलं, नुसतंच दोनदा केलं असतं तरी स्कोअर वाढला असता की नाही? संपलं.

प्रश्न: मी शाळेत शिक्षक आहे. वर्गात एकाग्रतेची चाचणी घेतली, सगळ्यात कमी गुण आलेल्या मुलांना सहा आठवडे रोज वीस मिनिटं एकाग्रतेचे व्यायाम दिले आणि परत चाचणी घेतली. जवळपास सगळ्यांचे गुण वाढले. हा प्रयोग म्हणून लिहून पाठवता येईल का?

सर, मेहनत दिसतेय आणि मुलांचं नुकसान तर काही झालेलं नाही. पण प्रयोग म्हणून पाठवलात तर पहिलाच परीक्षक परत पाठवेल, आणि कारण तुम्हाला घरी बसून बघता येईल.

वीस फासे घ्या. टाका. ज्यांच्यावर एक किंवा दोन आलंय ते 'कमजोर' फासे बाजूला काढा, सहा-सात निघतील. त्यांची सरासरी दीडच्या आसपास असणार. आता त्या फाशांना सहा आठवडे व्यायाम द्या, किंवा नुसतं समोर धरून चांगलं समजावून सांगा, आणि परत टाका. सरासरी साडेतीनच्या आसपास जाईल. फासे सुधारले! आणि गंमत म्हणजे पाच-सहा आलेले 'हुशार' फासे परत टाकले तर ते बिघडलेले दिसतील.

मुलं म्हणजे काही फासे नाहीत हे मलाही कळतं. पण कुठल्याही चाचणीच्या गुणात थोडा भाग त्या दिवसाचा असतो, झोप झाली नव्हती, पोट दुखत होतं, प्रश्न नीट वाचला नाही. तळातली मुलं निवडली की त्यात तो दिवस वाईट गेलेली मुलं जास्त येतात, आणि दुसऱ्यांदा सगळ्यांचाच दिवस वाईट जात नाही. याला सरासरीकडे सरकणं म्हणतात, गॉल्टनने आईवडील आणि मुलांच्या उंचीत हे १८८६ मध्ये दाखवलं होतं. त्यावर आणखी भर म्हणजे चाचणीची सवय झालेली, सहा आठवड्यांत मुलं मोठी झालेली, आणि मधे शाळेत आणखी काय काय घडलं असेल ते वेगळंच. कॅम्पबेल आणि स्टॅन्ली यांनी १९६३ मध्ये अशा पर्यायी कारणांची यादीच केली, आणि तुमचं डिझाइन, एक गट, आधी चाचणी, नंतर चाचणी, त्यातल्या बहुतेक सगळ्यांपुढे उघडं पडतं.

'पण मुलं स्वतः म्हणतात फायदा झाला' असं तुम्ही म्हणाल. त्यावर एक खरा किस्सा. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये १९३९ ते १९४५ या काळात एक मोठा प्रकल्प चालला, केंब्रिज-सॉमरविल युथ स्टडी. मुलं वाममार्गाला लागू नयेत म्हणून मुलगे निवडले, वय, घरची परिस्थिती वगैरे बघून त्यांच्या जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीत चक्क नाणं उडवून ठरवलं की कोणाला मदत मिळणार, समुपदेशक, शिकवणी, कॅम्प, आणि कोणाला नाही. शेवटी ५०६ मुलगे राहिले, दोन्ही बाजूंना २५३. तीसेक वर्षांनी जोन मकॉर्ड यांनी त्यांना परत शोधून काढलं आणि १९७८ मध्ये निकाल छापला. मदत मिळालेल्यांपैकी ज्यांनी उत्तरं दिली त्यातले दोन तृतीयांश म्हणाले की आम्हाला फायदा झाला. आणि नोंदी काय म्हणत होत्या? फायदा नाहीच, उलट पुन्हा गुन्हा करणं, दारूचं व्यसन अशा काही बाबतींत मदत मिळालेलेच वाईट निघाले. नाणं उडवून केलेला तो दुसरा गट नसता तर आजही तो प्रकल्प यशस्वी म्हणून शिकवला गेला असता. मी हे दरवर्षी वर्गात सांगते आणि दरवर्षी वर्ग गप्प होतो.

मग करायचं काय? मुलांना वंचित ठेवायचं नसेल तर वेटलिस्ट करा. तळातल्या मुलांच्या चिठ्ठ्या टाका, अर्ध्यांना आत्ता व्यायाम, अर्ध्यांना सहा आठवड्यांनी, आणि मधल्या काळात दोघांची चाचणी एकदमच. दोन्ही गट सरासरीकडे सारखेच सरकतील, जो जादाचा फरक उरेल तो तुमचा. आणि नंतरची चाचणी तपासणाऱ्याला कोण कुठल्या गटातलं हे कळू देऊ नका, तुम्ही स्वतः तर अजिबात तपासू नका. चिठ्ठ्या शक्य नसतील आणि शेजारची तुकडी तुलनेला घ्यायची असेल तर तो क्वासी-एक्सपेरिमेंट झाला, वाईट नाही, पण मग दोन तुकड्या आधीपासूनच वेगळ्या होत्या का याचं उत्तर तुम्हाला द्यायला लागेल आणि ते दरवेळी देता येतंच असं नाही.

प्रश्न: रँडम सॅम्पलिंग आणि रँडम असाइनमेंट एकच ना?

नाही. सॅम्पलिंग म्हणजे माणसं कशी निवडली, असाइनमेंट म्हणजे निवडलेल्यांना गटांत कसं वाटलं. पहिलं सांगतं की निकाल कोणाला लागू होतो, दुसरं सांगतं की फरक कशामुळे पडला. कॉलेजातली ओळखीची चाळीस पोरं पकडून आणली आणि चिठ्ठ्या टाकून दोन गट केले तर सॅम्पलिंग रँडम नाही पण असाइनमेंट आहे, आणि मानसशास्त्रातले बहुतेक प्रयोग असेच असतात. तोंडी परीक्षेत हा प्रश्न येतोच, लिहून ठेवा.

प्रश्न: ताई, माझं २×२ डिझाइन होतं, दोन घटक, प्रत्येकाच्या दोन पातळ्या. दोन्ही मेन इफेक्ट (एकेका घटकाचा स्वतंत्र परिणाम) जेमतेम आलेत, इंटरॅक्शन (एकाचा परिणाम दुसऱ्यावर अवलंबून असणं) मात्र सिग्निफिकंट आहे. सर म्हणाले मेन इफेक्टच नाही तर लिहिणार काय. विषय बदलू का?

थांब रे, काही बदलू नकोस! कदाचित तुझ्याकडे सगळ्यात मजेदार निकाल आहे.

गॉडन आणि बॅडली यांनी १९७५ मध्ये पाण्याखाली उतरणाऱ्या १८ डायव्हर्सना ३६-३६ शब्दांच्या याद्या ऐकवल्या, कधी काठावर, कधी पाण्याखाली, आणि नंतर आठवायला लावल्या, परत कधी काठावर, कधी पाण्याखाली. चारही जोड्या सगळ्यांनी केल्या. सरासरी आकडे असे: काठावर शिकून काठावर आठवले १३.५, काठावर शिकून पाण्यात ८.६, पाण्यात शिकून काठावर ८.४, पाण्यात शिकून पाण्यात ११.४. कागदावर चौकोन काढ आणि हे चार आकडे चार घरांत भर. आता शिकायच्या जागेची सरासरी काढ, काठ ११ च्या जरासं वर, पाणी ९.९. आठवायच्या जागेची काढ, काठ ११ च्या जरासं खाली, पाणी १०. दोन्हीकडे फरक एक शब्दाचा. तुझ्या सरांच्या हिशोबाने इथे थांबायचं. पण चौकोन तिरका बघ, जिथे जागा सारखी तिथे १३.५ आणि ११.४, जिथे बदलली तिथे साडेआठच्या आसपास. सगळी गोष्ट त्या तिरक्या रेषेत आहे आणि मेन इफेक्टमध्ये ती सरासरीखाली गाडली गेली.

त्यांनी पुढे जे केलं ते मला जास्त आवडतं. कोणीतरी म्हणणारच होतं की जागेचं काही नाही, मधे पाण्यात उतरायची नाहीतर बाहेर यायची जी धांदल झाली तिनेच विसरले. मग त्यांनी दुसरा प्रयोग केला, काठावर शिकायचं, काठावरच आठवायचं, पण एकदा मधे पाण्यात बुडी मारून यायचं आणि एकदा तसंच बसायचं. बुडीने काही फरक पडला नाही, धांदलीचा मुद्दा निकालात. चांगलं डिझाइन म्हणजे समोरचा काय म्हणेल ते आधी ओळखून त्याचं तोंड बंद करणं, फाटे फोडणाऱ्या माणसाला ही कला लवकर जमते असं माझं मत आहे. (२०२१ मध्ये हा प्रयोग परत करून बघितला तेव्हा परिणाम तसा आला नाही, त्यामुळे थिअरी म्हणून जपून वापर, पण इंटरॅक्शन समजायला हा चौकोन झकास आहे.)

तुझ्या डेटाचा आलेख काढ, दोन रेषा. त्या एकमेकींना छेदत असतील तर 'परिणाम नाही' असं चुकूनही लिहू नकोस, 'परिणाम कशावर अवलंबून आहे' असं लिही, आणि मग प्रत्येक पातळीवर वेगळी तुलना करून दाखव. फक्त एक विचारते, ही इंटरॅक्शन तू आधी गृहीतकात मांडली होतीस का? नसेल तर तसं प्रामाणिकपणे लिही, आणि जमलं तर नवीन माणसं घेऊन परत करून बघ.

प्रश्न: मी एका अभ्यासात प्रयुक्त म्हणून, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करतात तो म्हणून, गेलो होतो. सांगितलं वाचनाचा वेग मोजतोय, शेवटी कळलं की भलतंच तपासत होते. फसवल्यासारखं वाटलं. हे चालतं का?

राग समजू शकते. पण खरं सांगितलं असतं तर तुम्ही मदत करायला गेला असता, आणि तिथेच घोळ होतो. मार्टिन ऑर्न यांनी १९६२ मध्ये लिहून ठेवलंय की लोकांना बेरजांचे दोन हजार कागद दिले, एकेका कागदावर २२४ बेरजा, घड्याळ काढून घेतलं आणि म्हणाले करत राहा, मी परत येईन. माणसं कंटाळून उठतील अशी अपेक्षा होती. साडेपाच तास झाले, शेवटी प्रयोग करणाराच कंटाळला. मग त्यांनी सांगितलं की प्रत्येक कागद झाला की त्याचे निदान ३२ तुकडे करून टाका आणि पुढचा घ्या. लोकांनी तेही तासन्‌तास केलं! प्रयोग म्हटलं की माणूस इतका आज्ञाधारक होतो, त्याला अपेक्षित उत्तर कळलं तर तो ते देणारच.

आणि उलट बाजूनेही तेच होतं. रोझेनथाल आणि फोड यांनी १९६३ मध्ये १२ विद्यार्थ्यांना प्रत्येकी पाच उंदीर दिले, निम्म्यांना सांगितलं हे चक्रव्यूहात हुशार जातीचे आहेत, निम्म्यांना सांगितलं मठ्ठ जातीचे. उंदीर सगळे एकाच प्रकारचे. तरी 'हुशार' उंदीर खरंच भारी ठरले. म्हणून मोजणाऱ्यालाही अंधारात ठेवतात, त्याला डबल ब्लाइंड म्हणतात. तुमच्या बाबतीत समोर बसून प्रयोग घेणाऱ्यालाही कदाचित पूर्ण माहिती नसेल, त्याच्यावर चिडू नका.

पण 'चालतं' याला अटी आहेत. खोटं सांगितल्याशिवाय तो प्रश्न तपासताच येत नसेल तरच, त्यातून तुम्हाला इजा किंवा तीव्र मनस्ताप होणार नसेल तरच, एथिक्स कमिटीने आधी मान्यता दिली असेल तरच, आणि संपल्यावर लवकरात लवकर खरं काय ते समजावून सांगायला हवं. तुम्हाला सांगितलंय असं दिसतं, पण नुसतं सांगून भागत नाही, खरा उद्देश कळल्यावर तुमचा डेटा काढून घ्यायचा हक्क तुम्हाला आहे हेही विचारायला हवं होतं. ते विचारलं नसेल तर संमतीपत्राची तुमची प्रत काढा, त्यावर संपर्काचा पत्ता असतो, तिथे दोन ओळी लिहा की माझा डेटा वापरू नका. कारण द्यायची गरज नाही. फक्त लवकर लिहा, एकदा डेटावरची नावं काढून टाकली की तुमची ओळ कुठली ते त्यांनाही शोधता येत नाही.